बर्मिंगहॅमचे वाजवणारे आणि मुलांचे हॉस्पिटल

लंडन पाहून आलेले बरेच भेटतात, बर्मिंगहॅम पाहून आलेला क्वचितच. तिथे राजवाडा नाही की मोठी नदी नाही. तरी कष्टकरी माणसाने इंग्लंडात एकच शहर पाहायचे ठरवले, तर ते हे पाहावे, असे आमचे मत झाले आहे. मोटारी, पितळी सामान, खिळे, साखळ्या, पेनाची निबे, काय काय या शहरात आणि आसपासच्या गावांत घडले! आम्ही उतरलो होतो शेजारच्या वुल्व्हरहॅम्प्टनला, एका पंजाबी बौद्ध कुटुंबाकडे. घरातले आजोबा आयुष्यभर फाउंड्रीत राबलेले. दारात "जय भीम" झाले, पराठे झाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सोबत आम्ही बर्मिंगहॅमची गाडी धरली.

न्यू स्ट्रीट स्टेशनात उतरताच समोर दहा मीटर उंचीचा यांत्रिक बैल उभा. २०२२ साली इथे कॉमनवेल्थ खेळ झाले, त्यांच्या उद्घाटनासाठी तो केला होता. त्या सोहळ्यात तो ओढत आणणाऱ्या बाया दाखवल्या होत्या, साखळ्या घडवणाऱ्या मजूर बाया. १९१० साली जवळच्या क्रॅडली हीथ गावी अशा बायांनी दहा आठवडे संप करून किमान मजुरी मिळवली होती. आमच्या गिरणगावच्या माता-भगिनींना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. या बैलाचे नाव ऑझी. लोकांनी मते देऊन ठेवले, आणि ते एका गाणाऱ्याचे आहे.

तो गाणारा ऑझी ऑस्बर्न, अ‍ॅस्टन वस्तीतला. आम्ही तिथे गेलो. विटांची एकाला एक चिकटलेली छोटी घरे, दाराला लागून फुटपाथ. आपल्या बैठ्या चाळीच म्हणा ना, फक्त वर एक मजला. लॉज रोडवरच्या अशाच एका घरात हा पोरगा वाढला. कत्तलखान्यात राबला, मोटारींचे हॉर्न तपासायच्या कारखान्यात राबला. त्याच वस्तीतला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून त्याला तिथे बसवले, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. आपल्या वाचकांत असे कितीतरी असतील ज्यांनी प्रेस शॉपमध्ये ही किंकाळी ऐकली आहे. टोनी डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबायचा हात तोच होता! डॉक्टरांनी वाजवणे सोडायला सांगितले. कारखान्याच्या एका साहेबाने मात्र त्याला जँगो राइनहार्टची तबकडी आणून दिली. जँगो हा जिप्सी जमातीचा गिटारवाला, हात भाजल्यावर दोनच बोटांच्या बळावर थोर झालेला. मग टोनीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामडे लावले, आणि बँजोच्या हलक्या तारा गिटारला चढवल्या. पुढे तारा सैल करून त्याने जो जड, खर्जातला आवाज काढला, त्यावर हेवी मेटल नावाचा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. १९६८ साली निघालेली त्यांची पार्टी म्हणजे ब्लॅक सबाथ.

खरे सांगायचे तर, हे संगीत आमच्या कानाला मानवत नाही. आजोबांनाही नाही. "पूरा दिन फाउंड्री का शोर, फिर घर में वही शोर!" असे ते म्हणतात. पण या वाजवणाऱ्यांविषयी ते अदबीने बोलतात. त्याला कारण आहे.

ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅमचे कारखाने धडाधड बंद पडत होते. इथल्या एका बँडने तर बेकारभत्त्याच्या फॉर्मचा नंबरच नाव म्हणून घेतला, यूबी ४०. अशा दिवसांत इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राचा ड्रमवाला बेव्ह बेव्हन याने गावातल्या वाजवणाऱ्यांना गोळा केले. १५ मार्च १९८६ रोजी नॅशनल एक्झिबिशन सेंटरमध्ये कार्यक्रम झाला, नाव 'हार्टबीट ८६', मदत बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलला. मूडी ब्लूज आले, रॉय वुड आला, रॉबर्ट प्लांट आला. सगळे याच भागातले, कधीकाळी एकमेकांच्या पार्ट्यांत वाजवलेले, रुसलेले, फुटलेले. बाहेरगावचा पाहुणा म्हणाल तर लिव्हरपूलचा जॉर्ज हॅरिसन. शेवटी सगळ्यांनी मिळून 'जॉनी बी. गुड' वाजवले.

हॅरिसनला अशा कामाचा अनुभव होता. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकरांच्या सांगण्यावरून त्याने न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला होता. पैसा भरपूर जमला, पण करमाफीची कागदपत्रे आधी झाली नव्हती, म्हणून त्यातला मोठा भाग अमेरिकेच्या कर खात्यात कित्येक वर्षे अडकला. वर्गणी जमवणाऱ्या आपल्या मंडळांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. गाणे एका रात्रीत होते, हिशेब नाही.

आम्ही आजोबांना विचारले, तुमच्याकडे १९४८ पासून सरकारी दवाखाना फुकट, मग मुलांच्या हॉस्पिटलला वर्गणी कशाला? ते म्हणाले, औषध, ऑपरेशन सरकार देते. पण नवे यंत्र लवकर हवे असते, पोराजवळ आईला रात्री टेकायला जागा हवी असते, ते देणगीतून होते. त्यांचा धाकटा मुलगा दम्याने तीन आठवडे त्या हॉस्पिटलात होता. म्हणून ८६ साली, तिकीट न काढताही, खात्यात फिरलेल्या डब्यात त्यांनी पाच पौंड टाकले होते. त्या रात्री त्यांची नाइट होती.

आपल्या गायन पार्ट्यांनाही हे नवे नाही. विहाराच्या छपरासाठी, कुणाच्या पोरीच्या ऑपरेशनसाठी, बिदागी न घेता रात्रभर गाणारे गायक आम्ही पाहिले आहेत.

अ‍ॅस्टनमध्येच व्हिला पार्क हे फुटबॉलचे मैदान आहे, ऑझीच्या जुन्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सबाथचे मूळचे चौघे वीस वर्षांनी तिथे एकत्र वाजवायला उभे राहिले. ऑझी मात्र उभा नव्हता. पार्किन्सनच्या आजाराने तो काळ्या सिंहासनावर बसून गायला. कमाई तीन ठिकाणी द्यायची ठरली होती : पार्किन्सनवर इलाज शोधणारी संस्था, मरणपंथाला लागलेल्या लेकरांची सेवा करणारी एकॉर्न्स संस्था, आणि तेच मुलांचे हॉस्पिटल. पुढे सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ७६ व्या वर्षी तो वारला. अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली, कालव्यावरच्या ज्या पुलाला त्याच्या पार्टीचे नाव आहे तिथे थांबली, आणि पुढे गावचाच ब्रास बँड वाजत होता. त्या पुलावर चौघांचे चेहरे असलेला बाक आहे. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारी त्यावर बसून चिप्स खात होती.

हॉस्पिटल १८६२ साली निघाले. १९९८ पासून ते स्टीलहाउस लेनवरच्या लाल विटांच्या जुन्या इमारतीत आहे. बाहेर एक बाप कारखान्याचा पिवळा डगला तसाच अंगात ठेवून कठड्यावर बसला होता, मांडीवर बाहुली. आजोबांनी आत जाऊन देणगीच्या पेटीत नाणे टाकले, आम्हीही टाकले. तोवर पाऊस सुरू झाला आणि आम्ही तिघे स्टेशनच्या दिशेने चालू लागलो.