दहा महिन्यांच्या आधीची वर्षे

बेसबॉलपटू पॉल स्कीन्सची गोष्ट अमेरिकेत झपाट्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. 9 जुलै 2023 रोजी पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि 92 लाख डॉलरचा बोनस दिला. तोवर ड्राफ्टमधल्या कोणालाच एवढी रक्कम मिळाली नव्हती. 11 मे 2024 रोजी तो शिकागो कब्सविरुद्ध मेजर लीग या सर्वोच्च पातळीवरचा पहिला सामना खेळला. म्हणजे कॉलेजचा मुलगा ते मेजर लीगचा पिचर (चेंडू टाकणारा) हे अंतर त्याने दहा महिन्यांत कापले. त्या पहिल्या मोसमात 133 इनिंग, 170 स्ट्राइकआउट आणि 1.96 ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे सरासरी दोन धावासुद्धा नाहीत. जुलैत ऑल-स्टार सामन्याचा पहिला चेंडू मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगकडून त्याने टाकला. नवोदित पिचरला हा मान 1995 मध्ये हिदेओ नोमोला मिळाला होता, त्यानंतर थेट यालाच. 2025 मध्ये नॅशनल लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही आला. या कारकिर्दीवर लिहिणारे बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: खरी गुणवत्ता कोणासाठी थांबत नाही. मी ही कारकीर्द जसजशी पाहत गेलो तसतसा मला हा निष्कर्ष उलटा वाटू लागला. स्कीन्स लवकर पोहोचला, कारण त्याआधी बराच काळ त्याला कोणी घाई केली नव्हती.

2020 मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या एल टोरो हायस्कूलमधून बाहेर पडला, तेव्हा त्याला कोणत्याही क्लबने निवडले नाही. कोविडमुळे त्या वर्षी ड्राफ्ट अवघ्या पाच फेऱ्यांचा होता, हे खरे. पण त्याचे नाव तेव्हा फारसे चर्चेतही नव्हते. तो कोलोरॅडोतल्या एअर फोर्स अकादमीत गेला. ते बेसबॉलपटू घडवणारे प्रसिद्ध ठिकाण नव्हे. तिथे हवाई दलाचे अधिकारी घडतात. तिथे तो मुख्यतः कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) होता आणि पहिल्या वर्षी शेवटच्या एक-दोन इनिंगपुरता पिचर. त्या वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी .410 होती, दुसऱ्या वर्षी त्याने 13 होमरन मारले. 2022 मध्ये पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला. इथे जाणकार अडवतील की कॅचरही दिवसभर चेंडू फेकतच असतो, आणि एकाच मुलाने दोन्ही कामे करू नयेत असे डॉक्टरच सांगतात. बरोबर आहे, म्हणूनच कॅचर असल्यामुळे त्याचे कोपर वाचले असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की त्या हाताला तोवर भाव फुटला नव्हता. भाव फुटला नाही म्हणून कोणी त्याच्या प्रत्येक चेंडूचा वेग मोजून पुढच्या महिन्यात दोन मैल जास्त मागत नव्हते.

भाव फुटला की काय होते, हे समजायला शरीराकडे पाहावे लागते. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो, हात बराचसा सरळ ठेवून खांद्यावरून फिरवतो, आणि धावण्याचा वेग चेंडूला मिळतो. पिचर जागेवरून एकच लांब पाऊल टाकतो. सगळा वेग कंबर, खांदा आणि वाकलेले कोपर यांच्या साखळीतून यावा लागतो. खांदा सेकंदाला सुमारे 7000 अंश इतक्या गतीने आत वळतो आणि या हालचालीत कोपराच्या आतल्या बाजूचे एक छोटे अस्थिबंध बराचसा ताण पेलते. ते फाटले की मनगटाजवळचा कंडरा काढून तिथे बसवतात. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, आणि आता ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटशी संबंधित संशोधकांनी 2006 मध्ये किशोरवयीन पिचर्सचा अभ्यास केला. वर्षात आठ महिन्यांहून जास्त काळ पिचिंग करणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता पाचपट आढळली. थकलेल्या हाताने वारंवार टाकणाऱ्यांच्या बाबतीत ती 36 पट होती. तरीही स्पीड गन सगळीकडे आहे, कारण ड्राफ्टमध्ये वेगाला पैसे मिळतात. खुद्द मेजर लीगनेच डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दुखापतींच्या कारणांत वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडूवर पूर्ण ताकद लावण्याची सवय ही दोन कारणे ठळकपणे मांडली आहेत.

2022 च्या उन्हाळ्यात स्कीन्सने अकादमी सोडून लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी गाठली. तिसरे वर्ष सुरू झाल्यावर कॅडेटवर लष्करी सेवेचे बंधन येते, त्यामुळे निर्णय तेव्हाच घेणे भाग होते. लुईझियानात त्याला वेस जॉन्सन हे प्रशिक्षक मिळाले. ते मिनेसोटा ट्विन्सची मेजर लीगमधली नोकरी मोसमाच्या मध्यातच सोडून कॉलेजात आले होते. (बेसबॉलमध्ये माणसे सहसा खालून वर जातात; हे वरून खाली आले.) बॅट जवळजवळ बाजूला पडली आणि पहिल्यांदाच तो निव्वळ पिचर झाला. त्या एका मोसमात त्याने 209 स्ट्राइकआउट घेतले. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटातला 202 चा विक्रम त्याच विद्यापीठाच्या बेन मॅकडॉनल्डच्या नावावर 1989 पासून होता, तो मोडला. विद्यापीठ राष्ट्रीय विजेते ठरले आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढच्या दहा महिन्यांची चर्चा होते, पण मुलगा घडला तो या आधीच्या तीन वर्षांत.

यावर सर्वांत जड आक्षेप म्हणजे पिचर स्टीफन स्ट्रॅसबर्गचे उदाहरण. तोही कॉलेजातच घडला. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात प्रशिक्षक टोनी ग्विन यांच्या हाताखाली तीन वर्षे खेळून 2009 मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, आणि जून 2010 मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने 14 जणांना बाद केले. तीन महिन्यांत तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. पुढे 2019 च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, साडेचोवीस कोटी डॉलरचा करार झाला, आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत तो फक्त आठ सामने सुरू करू शकला. म्हणजे वेळ दिला तरी हात टिकेल याची हमी नाही. हा आक्षेप मला मान्य आहे आणि स्कीन्सचे कोपरही उद्या दगा देऊ शकते. पण घाई केल्याने हात टिकतो, असे मात्र स्ट्रॅसबर्गच्या उदाहरणावरून कोणी म्हणू शकणार नाही. आणि निवड करणाऱ्यांची नजर किती खोल जाते, तेही पाहावे. 2013 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला स्टॅनफर्डचा मार्क अपेल मेजर लीगमध्ये उतरला तो 2022 मध्ये, तिसाव्या वर्षी, आणि तेही साडेदहापेक्षा कमी इनिंगपुरता. याउलट जेकब डीग्रॉम स्टेटसन विद्यापीठात बहुतेक काळ शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक, होता. 2010 मध्ये नवव्या फेरीत 272 वा निवडला गेला, बोनस 95 हजार डॉलर, त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया. मेजर लीगमध्ये आला पंचविसाव्या वर्षी आणि पुढे दोन साय यंग जिंकला. टारिक स्कुबल सिएटल विद्यापीठात असतानाच शस्त्रक्रिया झालेला, तोही नवव्या फेरीतला. त्याने 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकन लीगचा साय यंग नेला.

मग कोणी म्हणेल, डीग्रॉम आणि स्कुबल वर आलेच ना? मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगची शिडी त्यासाठीच तर आहे; ती वेळ देते. देते, पण खर्च कोणाच्या खिशातून होतो? मायनर लीग खेळाडूंच्या 2023 च्या वेतन करारापूर्वी खालच्या सिंगल-ए पातळीवर खेळाडूचा वर्षाचा पगार सुमारे 11 हजार डॉलर होता, अगदी वरच्या ट्रिपल-एमध्येही साडेसतरा हजार. वेतनाच्या दाव्यात मेजर लीगला 2022 मध्ये साडेअठरा कोटी डॉलरची तडजोड करावी लागली, आणि पुढच्या वर्षीच्या त्या करारानेच हे आकडे दुपटीच्या वर गेले. त्याआधीच 2021 मध्ये मायनर लीगचे संलग्न संघ 120 वर आणले गेले आणि ड्राफ्टच्या फेऱ्या 40 वरून 20 झाल्या. 92 लाख घेणारा मुलगा कितीही वर्षे थांबू शकतो. 95 हजार घेणाऱ्याला डॉक्टर, भाडे आणि घरच्यांच्या अपेक्षा सांभाळून थांबावे लागते. किती जण मधेच परत गेले याची यादी कोणी ठेवत नाही, म्हणून शिडी न्याय्य दिसते.

वेळेची किंमत पायरेट्सला नव्याने कळावी असेही काही नव्हते. 2008 मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा झाली आणि उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याशी याच क्लबने करार केला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. दोघांच्या हातात वेग होता, वर्षे नव्हती. कॅचरच्या खुणा, बॅटरचा अंदाज, एकाच हालचालीतून तीन वेगळे चेंडू टाकणे, हे सगळे अमेरिकन मुलगा पंधरा वर्षांत शिकतो, ते त्यांना विशीच्या उंबरठ्यावर सुरू करावे लागले. पटेल 2010 मध्ये परतला. सिंग सिंगल-एपर्यंत चढला आणि मग दुखापतींनी त्याला गाठले. त्यावर हॉलीवूडने चित्रपट काढला, तो अर्थातच करार होईपर्यंतचा भाग रंगवणारा.

आणखी एक गोष्ट स्कीन्सच्या कौतुकात हरवते. कॉलेज क्रीडेच्या पहिल्या विभागातल्या एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या बेसबॉलपटूला पूर्वी एक पूर्ण मोसम बाहेर बसावे लागे. हा नियम 2021 मध्ये एकदाच्या बदलापुरता उठला. तो उठला नसता तर 2023 चा तो मोसम स्कीन्सने बाकावरून पाहिला असता, आणि त्या जुलैत पायरेट्ससमोर 209 स्ट्राइकआउटचा पिचर नसून एअर फोर्समधून आलेला एक वर्ष न खेळलेला मुलगा असता. कॉलेज बेसबॉलमध्ये संपूर्ण संघाला मिळून 11.7 शिष्यवृत्त्या वाटण्याचा नियमही आता गेला. 2025 पासून कॉलेज खेळाडूंच्या दाव्यातल्या नव्या तडजोडीत सहभागी झालेली विद्यापीठे सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतात, मात्र संघात 34 जणच ठेवता येतात. पैसा वाढला आणि जागा घटल्या. या 34 मध्ये कोणाला घ्यायचे हे ठरवताना प्रशिक्षक अठरा वर्षांच्या मुलाचा ताशी 95 मैलांचा आकडा पाहतील, की अजून कॅचर आहे की पिचर हे न ठरलेल्या मुलासाठी एखादी जागा राखतील, यावर पुढचे स्कीन्स कुठून येतील ते अवलंबून आहे. आजच्या संघांच्या खर्चाकडे पाहता मला पहिल्याच गोष्टीची शक्यता जास्त दिसते.