ऑर्क, एल्फ आणि नस्तीतला एक कागद

आमच्या चिरंजीवांना परदेशी चित्रपटांचे वेड आहे. त्यात राक्षस, जादूची कांडी, टोकदार कानांची माणसे असली की स्वारी जेवणसुद्धा विसरते. आम्ही त्याला नेहमी म्हणतो, बाबा रे, या भूताखेतांतून बाहेर पडायला आपल्या माणसांनी किती खस्ता खाल्ल्या, आणि तू पैसे भरून पुन्हा तेच पाहतोस? तो नुसता हसतो. मागे एका रविवारी विहारातून वंदना आटोपून आम्ही घरी आलो, तर म्हणाला, "पप्पा, आज तुमच्या कामाचा पिक्चर आहे. पोलीस आहेत, जातपात आहे, सगळं आहे. बसा." मुलांची आई डाळ निवडत होती, तीही ताट घेऊन बसली.

चित्रपटाचे नाव 'ब्राइट'. डेव्हिड आयर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डिसेंबर २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. समीक्षकांनी त्याला फारसे बरे म्हटले नव्हते, आणि शिव्या व गोळीबार इतका आहे की लहान मुले झोपल्यावरच पाहावा. मुलगा मधे मधे थांबवून अर्थ सांगत होता, म्हणून आम्हाला समजला.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर. आजचेच शहर, आजच्याच गाड्या आणि आजचेच पोलीस ठाणे. मात्र तेथे माणसांबरोबर एल्फ आणि ऑर्क राहतात. एल्फ म्हणजे टोकदार कानांचे, देखणे, श्रीमंत लोक. त्यांची वस्ती वेगळी, रस्ते चकचकीत, पहारा कडक. ऑर्क धिप्पाड, ठिपकेदार कातडीचे, खालच्या जबड्यातून सुळे वर आलेले. त्यांच्या वाट्याला पडकी घरे आणि पोलिसांच्या काठ्या. मधे माणसे. वरची आळी कोणती आणि खालची कोणती, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ऑर्क लोकांचा गुन्हा काय? तर दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांनी एका काळ्या सम्राटाची बाजू घेतली. बस्स. त्या सम्राटाविरुद्ध सर्व वंशांच्या फौजा एकत्र आणणारा जिरॅक हादेखील एक ऑर्क शेतकरीच होता असे त्यांची दंतकथा सांगते, पण ते कोणी लक्षात ठेवत नाही. आज जन्मलेल्या पोरानेही दोन हजार वर्षांची भरपाई करावी, असा तेथला रिवाज.

अशा शहरात निक जाकोबी नावाचा ऑर्क पोलीस खात्यात भरती होतो. देशातला पहिलाच. त्याने आपले सुळे घासून कमी केले आहेत. ते पाहून मुलांची आई डाळीतून मान वर न करता म्हणाली, "आडनाव बदलल्यासारखंच की." आम्ही गप्प बसलो. शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव बदललेली घरे आमच्या नात्यात आहेत. जाकोबीची अवस्था अशी, की ठाण्यात तो कोणाला नको आणि वस्तीत गेला तर ऑर्कही त्याच्यावर थुंकायला तयार.

चित्रपटात दोन रहस्ये आहेत. एक जादूच्या कांडीचे. ज्याच्या हातात ती असेल त्याचे राज्य, म्हणून पोलीस, गुंड, एल्फ सगळे तिच्यामागे धावतात. त्यात आमचे मन रमले नाही. दुसरे रहस्य लहान आहे, पण खरा चित्रपट तोच. जाकोबीचा जोडीदार वॉर्ड याच्यावर एक ऑर्क दरोडेखोर गोळी झाडतो आणि पळतो. जाकोबी पाठलाग करतो, पण आरोपी सापडत नाही. साऱ्या ठाण्याला खात्री, की याने जातवाल्याला सोडून दिले. वरिष्ठ वॉर्डला सांगतात, त्याच्या तोंडून कबुली काढ आणि गुपचूप टिपून आण. वॉर्डच्या मागे बायको, मुलगी, घराचा खर्च. नोकरी त्यालाही हवी आहे.

हा वॉर्ड झालेला नट विल स्मिथ, कृष्णवर्णीय. येथे आम्ही सरसावून बसलो. याच शहरात १९९१ साली रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसांनी रस्त्यावर पाडून मारले, एकाने ते घराच्या सज्जातून टिपले, आणि १९९२ मध्ये ते पोलीस खटल्यातून सुटल्यावर शहर पेटले. याच कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला, ज्याच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर उभी केली. तेव्हा आम्हाला वाटले, कृष्णवर्णीय माणूस ऑर्कच्या पाठीशी उभा राहणार. पण नाही. वॉर्डलाही तो जोडीदार नको असतो. अंगणात आलेली लहानशी परी तो झाडूने मारतो, तीही शेजाऱ्यांदेखत. लेखकाने हे मुद्दाम केले की सहज झाले, ठाऊक नाही. पण ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याच्याच हातात झाडू दिला आहे.

मुलगा म्हणाला, "पप्पा, ऑर्क म्हणजे आपण, नाही का?"

आम्ही हो म्हणालो. पण रात्री झोप लागली नाही, कारण ते उत्तर निम्मेच खरे होते.

आम्ही सोलापूरचे. आमच्या शहरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना पुढे तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली, ती ही जागा. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हा शिक्का निघायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडले. शिक्का कागदावरून निघाला. दोन हजार वर्षे जुन्या अपराधाची ती गोष्ट अमेरिकेतल्या लेखकाला कल्पनेने रचावी लागली, आमच्याकडे तिची बसथांब्यावर पाटी आहे.

२००८ साली आमच्या कार्यालयात विमुक्त जातींच्या जागेवर एक कनिष्ठ लिपिक आला. सेटलमेंटमधला, तेवीस वर्षांचा, अक्षर मोत्यासारखे. आम्ही आमचा डबा त्याच्यापुढे केला, त्याला 'उचल्या' वाचायला दिले, बाबासाहेबांच्या जयंतीला त्याला विहारात घेऊन गेलो. तो आम्हाला दादा म्हणे. तरी खरे सांगतो, तो आल्यापासून आम्ही आमच्या ड्रॉवरला कुलूप लावू लागलो होतो. आधी लावत नव्हतो.

चारेक महिन्यांनी एका बाईंच्या ड्रॉवरमधून भिशीचे ३,२०० रुपये गेले. कोणी काही बोलले नाही, पण सगळ्यांच्या माना एकाच टेबलाकडे वळल्या. साहेबांनी आम्हाला आत बोलावले. म्हणाले, "तुम्ही चळवळीतले. तुम्ही लिहून दिलंत तर उद्या कोणी जातीयवाद म्हणणार नाही. फक्त इतकंच लिहा, की दुपारच्या सुट्टीत तो त्या टेबलापाशी होता." तो होता हे खरेच. टेबलामागे कपाट, कपाटात आवक-जावक रजिस्टर. दिवसातून दहा वेळा आम्हीही तेथे असायचो. ते आम्ही लिहिले नाही. आमची बढती त्या वर्षी निघायची होती. दोन ओळी लिहून सही केली.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'दि अनटचेबल्स' ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांचा एकत्रच उल्लेख केला आहे. हा ग्रंथ आम्ही वाचलेला होता. त्यावर व्याख्यानही दिले होते.

पंधरा दिवसांनी टेबल हलवताना ड्रॉवरच्या मागे पाकीट सापडले. बाईंनी पेढे वाटले. प्रकरण नस्तीबद्ध झाले, म्हणजे आमचा कागद त्याच्या वैयक्तिक नस्तीत राहिला. त्याने वर्षभरात विनंती बदली मागून घेतली. जाताना आमच्या पायाशी वाकू लागला, तेव्हा आम्ही मोठ्या तत्त्वाने त्याला अडवून जयभीम घातला.

चित्रपटात उलगडते, की जाकोबीने पकडलेला पोरगा खरा आरोपी नव्हताच. चूक लक्षात आली तोवर बाकीचे पोलीस पिस्तूल काढून जवळ आले होते, ते याला मारतील म्हणून त्याने त्याला जाऊ दिले. ठाण्यातलेच चौघे कांडीच्या लोभाने जाकोबीला संपवू पाहतात, तेव्हा वॉर्ड आपल्या त्या सहकाऱ्यांवरच बंदूक चालवतो. चित्रपट आहे, चालवणारच. आमच्यापुढे तर बंदूकही नव्हती, पेन होते.

पुढच्या रविवारी आम्ही त्याचा पत्ता काढून गेलो. आता तो तालुक्याच्या गावी वरिष्ठ लिपिक आहे. दारात उभे पाहून म्हणाला, "या की दादा." मुलगी ओट्यावर गणिते सोडवत होती. चहा येईपर्यंत आम्ही सगळे सांगून टाकले. तो बशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ते कागद मी तेव्हाच पाहिलं होतं. अक्षर ओळखलं. वाटलं, दादांवर लई दबाव असंल." थोड्या वेळाने म्हणाला, "कुलूप मात्र पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं."

आम्ही क्षमा मागितली. त्याने केली असे म्हणाला नाही आणि नाही असेही म्हणाला नाही. पोरीचे एक गणित अडले होते, ते तेवढे आमच्याकडून सोडवून घेतले.

सोमवारी आम्ही कार्यालयात अर्ज दिला. २००८ मधील आमचे निवेदन अर्धसत्य होते, त्या टेबलापाशी त्या दिवशी आम्हीही गेलो होतो, सबब निवेदन मागे घेत असून हा अर्ज संबंधितांच्या नस्तीत जोडावा. आस्थापना शाखेतील मुलीने दोनदा वाचला आणि विचारले, "सर, एवढ्या वर्षांनी?" मग शिक्का मारला. आवक क्रमांक मिळाला आहे, उत्तर अजून आलेले नाही.