मरणाच्या पाळतीवर

शेजारचे आजोबा आणि मुलं यांची दोस्ती म्हटली की लिमलेटची गोळी आणि गोष्ट आलीच. काझुमी युमोतो या जपानी लेखिकेच्या ‘नात्सु नो निवा’ (1992) या कादंबरीतला म्हातारा मात्र भर उन्हाळ्यातही शेगडीच्या टेबलाखाली पाय घालून टीव्हीसमोर बसून असतो. जेवण दुकानातलं, दारात कचरा.

सहावीतली तीन मुलं. यामाशिताची आजी वारते, तो अंत्यविधीला जाऊन येतो आणि कियामा व कावाबेला चुटपुट लागते, की आपण मेलेलं माणूस अजून पाहिलंच नाही! हा म्हातारा आता जाईलच, असं धरून तिघं त्याच्या घरावर पाळत ठेवतात. निर्दयच की! पण मुलांचं कुतूहल असंच असतं, आणि लेखिका त्यावर साखर पेरत नाही.

पाळत त्याच्या लक्षात येते. आधी तो खवळतो, आणि मग चक्क त्यांना कामाला जुंपतो. कचरा बाहेर टाका, तण उपटा, धुणं वाळत घाला. कोण कोणाचा दोस्त झाला, हे तिथे कोणी विचारत नाही. धुणं वाळतं, अंगण मोकळं होतं, कॉसमॉसचं बी पेरलं जातं, सगळे मिळून कलिंगड खातात. मरणाची वाट बघायला आलेल्यांमुळेच म्हाताऱ्याला जगायची तरतरी येते, ही यातली खरी गंमत.

पुढे तो युद्धातली एक गोष्ट सांगतो. जंगलातल्या गावात त्याने पळणाऱ्या एका गरोदर बाईला गोळी घातली होती. युद्धानंतर तो बायकोकडे परतलाच नाही. बारा वर्षांच्या पोरांना हे सांगावं का? माझ्या मते सांगावं. मोठं होणं म्हणजे आवडत्या माणसाच्या हातून काय घडलंय, हेही ऐकून घेणं.

मुलं फुटबॉलच्या शिबिराहून परततात तेव्हा म्हातारा गेलेला असतो. पाहायचं होतं ते त्यांना दिसतं, पण तोवर तो कोणी अनोळखी म्हातारा राहिलेला नसतो.

कॅथी हिरानो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द फ्रेंड्स’ या नावाने मिळतो. तो जरूर वाचा. आणि आपल्या मुलाला शेजारच्या आजोबांकडे पाठवायचं असेल, तर संस्कार-बिंस्कार राहू द्या. चादर दोरीवर टाकायला पाठवा.