संगणकातला गोट

मेनू हा शब्द आम्हां जुन्या मंडळींना प्रथम उपाहारगृहात भेटला आणि पुढे संगणकात. दोन्हीकडे अर्थ एकच : काय काय मिळेल याची यादी. ती यादी कोणी केली, कोणत्या भाषेत केली आणि कोणाच्या सोयीने केली, हे प्रश्न उपाहारगृहात कोणी विचारीत नाही. घरातल्या संगणकाबाबत मात्र ते अवश्य विचारावेत, असे आमचे अनुभवांती मत झाले आहे.

निमित्त असे घडले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि विशिष्ट सुरक्षा-चिप लागते. बिर्लानगरातील आमच्या घरचा २०१६ सालचा संगणक त्या परीक्षेत नापास झाला. दुकानदाराने अर्थातच नवा घेण्याचा सल्ला दिला. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला चालती वस्तू भंगारात घालणे जिवावर येते. अखेर अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याने त्यावर लिनक्स मिंट बसवून दिले. हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याची सुरुवात केली आणि जगभरच्या लोकांनी जे वाढविले, ते हे लिनक्स विनामूल्य आहे, आणि त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. "मामा, आता मेनू तुम्हांला हवा तसा लावून घ्या," एवढे सांगून भाचा निघून गेला.

हवा तसा! हे शब्द आम्हांला नवे होते. विंडोजचा 'स्टार्ट' मेनू १९९५ साली आला आणि आमच्या पिढीच्या हाताला त्याचे वळण पडले. २०१२ साली विंडोज ८ मध्ये कंपनीने ते बटणच काढून टाकले; फार ओरड झाली, तेव्हा पुढच्या वर्षी ते परत आले. लिनक्सच्या जगातही २०११ साली ग्नोम ३ ने जुना मेनू असाच मोडीत काढला होता. पण तेथे संहिता खुली असल्यामुळे मिंटच्या मंडळींनी 'सिनॅमन' नावाची जुन्या वळणाची मांडणी स्वतःच उभी केली. एकीकडे विनंतीअर्ज, दुसरीकडे दुरुस्ती.

या मेनूची रचना पाहून आमच्यातला दप्तरी माणूस सुखावला. प्रत्येक नोंदीमागे एक छोटी मजकुराची फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' हे शब्द असतात. आत साध्या ओळी : नाव काय, कोणता कार्यक्रम चालवायचा, चित्र कोणते, वर्ग कोणता. नावाच्या ओळीखाली निरनिराळ्या भाषांतील नावे असतात. चौकटी कंसात 'एमआर' लिहिलेली ओळ मराठीची. सर्वांसाठीची प्रत प्रणालीच्या दालनात राहते. ती आपल्या खासगी दालनात नकलून घेऊन बदलली, की मेनूत आपली प्रत दिसू लागते. मूळ प्रतीला धक्का लागत नाही. आपली प्रत काढली की मूळ पुन्हा प्रकट होते. एखादी नोंद नको असेल तर ती लपविता येते, कार्यक्रम पुसला जात नाही. हाताने लिहिण्याचा कंटाळा असेल, तर मेनूच्या बटणावर माउसची उजवी कळ दाबून 'कॉन्फिगर'मध्ये जावे. तेथून मेनूचा संपादक उघडतो. नस्त्या लावण्यात ज्याची हयात गेली, त्याला याहून अधिक काय हवे?

नावे देण्याच्या दोन रीती आपण ग्वाल्हेरकर रोज पाहतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला आणि त्या तळाचेच लष्कर शहर झाले. मराठीतला 'गोट', म्हणजे सैन्याचा तळ, इथल्या बोलीत 'गोठ' झाला. 'चिटनीस की गोठ' हे नाव आजही टिकून आहे. लोकांनी आपापल्या माणसांची नावे जागेला दिली. आमच्या बिर्लानगरची तऱ्हा वेगळी. १९२१ साली स्थापन झालेल्या जियाजीराव कॉटन मिलभोवती वाढलेल्या या वस्तीत 'लाइनी' आहेत आणि त्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. सोय उत्तम, पण ती मालकाच्या हिशेबाची. मिल कधीच बंद पडली, क्रमांक राहिले. विंडोजचा मेनू आम्हांला या लाइनींसारखा वाटे. लिनक्समध्ये आपल्याला आपला गोट मांडता येतो.

मग प्रश्न आला भाषेचा. यादीत इंग्रजी, हिंदी, मराठी तिन्ही होत्या. शासनसेवेत आम्ही सर्व टिपण्या हिंदीत लिहिल्या. हिंदीने आमचे पोट भरले, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण कचेरी हिंदीत, बाजार हिंदीत, आणि मराठी उरली ती देवघरात अन् स्वयंपाकघरात, हा आपल्या घराघरांचा अनुभव आहे. व्यवस्थेच्या कामात मराठी वापरण्याची संधी प्रथमच हाती आली होती; आम्ही मराठी निवडली. पडद्यावर अर्ध्या नोंदी मराठीत आल्या, अर्ध्या इंग्रजीत राहिल्या. जेवढे कोणी भाषांतर केले, तेवढेच दिसणार! या शतकाच्या आरंभी 'इंडलिनक्स'सारख्या प्रकल्पांनी आणि पुढे पुण्यातील रेड हॅटच्या भाषा-विभागाने बरेच काम केले. उरलेले करणाऱ्यांची वाट पाहत आहे.

आम्ही मोठ्या हौसेने जड जड प्रतिशब्द योजू लागलो. सौ. डोकावून म्हणाल्या, "अहो, 'धारिका-व्यवस्थापक' म्हणजे काय? माझी पत्रं आणि फोटो कुठे ठेवलेत, तेवढं लिहा." मग फाइली ठेवण्याच्या नोंदीला 'अलमारी' हे नाव मिळाले. पुण्याचे व्याही 'कपाट' म्हणतील. आमच्या घरात चार पिढ्या अलमारीच आहे. पत्रव्यवहाराला 'टपाल', आकडेमोडीच्या तक्त्याला 'हिशेब', आणि परदेशी असलेल्या मुलीशी बोलण्याच्या नोंदीला नुसते 'लेक'. इंग्रजी यादीपुढे कोणाची तरी वाट पाहत बसणाऱ्या सौ. आता स्वतः लेकीला हाक मारतात. हिंदी शाळेत शिकणाऱ्या नातवाने मेनू वाचून विचारले, "आजी, टपाल म्हणजे काय?" तिने सांगितले, 'डाक'. देवनागरी त्याला येतेच, शब्द तेवढा नवा होता. तो त्या दिवशी घरात आला.

शब्द कोणते घ्यावेत हा वाद आपल्याकडे जुना आहे. शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करविला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांतले काही रुळले. पण 'चिटणीस' हा फारसी वळणाचा शब्दही राहिलाच, आणि गोठीला नाव देऊन गेला. म्हणून आम्ही 'फाइल'ला फाइलच ठेवले. जो शब्द घरात बोलला जातो, तो मेनूत शोभतो.

वाचकांना एवढीच विनंती की घरात जुना संगणक असेल तर तो भंगारात देण्यापूर्वी हा प्रयोग करून पाहावा. प्रथम सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत बाहेर काढून ठेवावी, मग लिनक्स बसवावे. मेनूतील नावे मात्र घरातील ज्येष्ठ स्त्रियांना विचारून लिहावीत. आपले ग्वाल्हेरी मराठी त्यांच्याच तोंडी अधिक शाबूत आहे. आमच्या मेनूत अजून तीन नोंदी इंग्रजीत आहेत : स्क्रीनशॉट, टर्मिनल आणि बॅकअप. कोणाच्या घरी त्यांना साजेसा शब्द असेल, तर जरूर कळवावा.