आमची गाडी आणि आमचे कान

माणसापेक्षा यंत्र अधिक प्रामाणिक असते, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. माणसाचे दुखते एकीकडे आणि तो बोट ठेवतो दुसरीकडे. यंत्रास ही विद्या अवगत नाही. आमची जुनी मोटार मात्र या मतामुळे आम्हांस एका भलत्याच ठिकाणी घेऊन गेली, तो वृत्तान्त आज वाचकांस सांगावयाचा आहे.

विक्रेते आज ज्या वाहनांस एसयूव्ही म्हणतात त्या जातीची, डिझेलवर चालणारी अशी ही आमची गाडी. आलापल्लीस राहणाऱ्या माणसाला मोटार ही चैन नव्हे. बल्लारपूरचे रेल्वेस्थानक बरेच दूर. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तिन्ही वाटा सागवानाच्या रानातून जाणाऱ्या. रात्री-अपरात्री शेजारच्या घरी कोणी आजारी पडले, तर आमच्या दाराची कडी वाजावयाची हे ठरलेले. पंधरा वर्षे भरल्यावर गाडीची नोंदणी पुढील पाच वर्षांसाठी आम्ही मोठ्या अभिमानाने नवी करून घेतली, आणि त्याच वर्षी बाईसाहेबांनी कुरकुरण्यास आरंभ केला. साध्या चढावर तिला धाप लागू लागली. मागून काळा धूर निघे, खालून खडखड ऐकू येई आणि डाव्या अंगाने घुमल्यासारखा एक नाद उठे.

आम्ही पडलो प्राध्यापक! वही काढून लक्षणांची नोंद करण्यास बसलो. आवाज इंजिनाचा की चाकांचा, हा पहिला प्रश्न. गाडी जागच्या जागी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवावा; आवाज वाढला तर तो इंजिनाकडचा. धावत्या गाडीचा वेग बदलेल तसा तो बदलला आणि वळणावर कमीअधिक झाला, तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. या पद्धतीने आम्ही दोन आवाजांचा माग काढला. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि ती शीळ? चढ लागला की शीळ वाजते, ती लिहिली का?"

शीळ आम्ही ऐकली नव्हती. जी ऐकली नाही ती नसणारच, अशा निश्चयाने आम्ही वही मिटली.

गावातील मिस्त्रींनी वहीकडे ढुंकूनही पाहिले नाही. हातभर लांबीचा पेचकस त्यांनी इंजिनावर टेकवला आणि त्याची मूठ कानाशी धरली. 1816 साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून एका रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. मिस्त्रींची विद्या त्याच कुळातील. खडखड निघाली सायलेन्सरवरच्या सैल पत्र्याची आणि घुमणे डाव्या चाकाच्या बेअरिंगचे. एअर फिल्टर लाल धुळीने भरला होता, तोही बदलला. तरी धाप जाईना. तेव्हा मिस्त्री, त्यांच्या हाताखालचा पोरगा, सौभाग्यवती आणि आम्ही असे चौघे गाडी घेऊन सिरोंचाच्या रस्त्याने निघालो. चढ लागताच पोरगा ओरडला, "शिट्टी वाजून राहिली!" मिस्त्रींनी मान हलवली. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काच खाली केली, मान बाहेर काढली. वाऱ्याखेरीज काही नाही.

"सर, तुम्हांला ऐकू नाही येऊन राहिलं?" मिस्त्रींनी अगदी हळुवारपणे विचारले.

टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला बोटभर चीर गेली होती. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. ती हवा वाटेतच निसटे, डिझेल पुरते जळेना, म्हणून काळा धूर आणि म्हणूनच धाप. नळी बदलताच गाडी पूर्ववत चढू लागली.

गाडीचे निदान झाले. आमचे घरी परतताना सुरू झाले. वयोमानाने कान जाऊ लागतात तेव्हा उंच स्वर आधी जातात. बायकामुलांचे आवाज पुसट होतात. स, श, फ यांसारखी व्यंजने गळून पडतात आणि बोलणारा पुटपुटतो आहे असे वाटू लागते. मग वहीतील पद्धत आम्ही स्वतःस लावून पाहिली : केव्हा ऐकू येत नाही? कोणाचे येत नाही?

आमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर भामरागडकडील एक विद्यार्थिनी बसते. पहिल्या वर्षी आम्ही तिला वारंवार "मोठ्याने बोला" म्हणत असू. पुढे विचारणेच सोडले. घरची भाषा माडिया, मराठी परकी, म्हणून बिचारी बुजते, असा उदार खुलासाही आम्ही करून टाकला होता, आणि तोंडी परीक्षेचे गुण त्या खुलाशाप्रमाणेच दिले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही व्यासपीठावरून उतरून तिच्या बाकाजवळ गेलो आणि प्रश्न विचारला. उत्तर पूर्ण आले, नेमके आले. आम्ही शाबासकी दिली. ती खाली पाहत म्हणाली, "सर, मागच्या वर्षी पण मी हेच सांगितलं होतं."

वर्गात कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते.

कान तपासून घेण्यासाठी येत्या रविवारी आम्ही चंद्रपुरास जाणार आहोत. गेल्या वर्षीच्या गुणपत्रिकेचे काय करता येईल, हे महाविद्यालयात विचारले. ती आता बदलत नाही, असे कळले. आमची चूक मात्र आम्ही लेखी कळवली आहे, आणि त्या मुलीस वर्गात सर्वांदेखत सांगितली आहे. गाडीची शीळ आता थांबली आहे, असे सौभाग्यवती म्हणतात. आम्हांस ती कधीच ऐकू आली नव्हती, तेव्हा ती थांबल्याची साक्षही त्यांचीच घ्यावी लागते.