सूर्यास्ताआधीचा डबा

काटकसरीच्या स्वयंपाकाविषयी अलीकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याचा गाभा बहुधा एकच असतो. रविवारी आठवड्याच्या भाज्या, आमट्या, पराठे करावेत, डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि रोज एकेक डबा काढून गरम करावा. वेळ वाचतो, गॅस वाचतो, बाहेरचे खाणे टळते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला हा सल्ला मोहक वाटला तर नवल नाही. परंतु शिजवलेले अन्न रात्र ओलांडून खायचे नाही आणि सूर्यास्तानंतर जेवायचे नाही, हे दोन नियम ज्या घरात पाळले जातात, तेथे हा सल्ला उंबरठ्यावरच अडतो. कर्जत, नेरळ, खोपोली या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जैन कुटुंबांना ही अडचण रोजच भेटते.

येथे अडचणीला आणखी एक पदर आहे, तो रेल्वेचा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत सुमारे १०० किलोमीटर आणि लोकलचा प्रवास दोन तासांचा. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा नोकरदार माणूस नुकताच कार्यालयाबाहेर पडत असतो. जून-जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, तरी गाडी जेमतेम कल्याणच्या आसपास पोहोचलेली असते. म्हणजे वर्षातील कोणत्याही ऋतूत संध्याकाळचे जेवण घरी पोहोचून होणे नाही. कर्जतची ओळख असलेला बटाटेवडा स्वस्त आणि गरम असतो हे खरे. पण कंदमूळ वर्ज्य असणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तेव्हा एक तर उपाशी राहायचे, नाही तर नियम मोडायचा, नाही तर डबा न्यायचा.

कर्जतमधील एका घरात या प्रश्नावरून सासू-सुनेत काही दिवस कुरबुर चालली होती. सून मुंबईला नोकरीला. पहाटे साडेचारला उठून दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन डबे करताना तिची दमछाक होई. तिने मोठ्या फ्रीजरचा विषय काढला. सासूबाईंनी शांतपणे विचारले, "अगं, भाजी गोठली म्हणून ती आजची झाली का?"

"मग आई, रविवारी मी काय करून ठेवू, ते तरी सांगा. रोज पहाटे सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे माझं काही खरं नाही."

"करून नको ठेवूस. अर्धं करून ठेव. पाणी घालायचं काम तेवढं सकाळी."

सासूबाईंच्या या उत्तरात एक संपूर्ण स्वयंपाकशास्त्र सामावलेले आहे. अन्न नासते ते मुख्यतः त्यातील पाण्यामुळे. फ्रीजर हे पाणी उणे १८ अंश सेल्सिअसला गोठवतो, त्यामुळे जंतूंची वाढ थांबते. ते मरतात असे नव्हे. वाळवण, भाजणे आणि मीठ मुरवणे या जुन्या रीती त्याच पाण्याचा बंदोबस्त करतात, मात्र त्यांना वीज लागत नाही. कर्जत-खालापुरात ही गोष्ट गौण नाही. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज जाते. पण वादळी पावसात तारेवर झाड कोसळले की याच परिसरातील घरे अंधारात बसतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावांना कित्येक दिवस वीज नव्हती. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता सुमारे ४८ तास थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. त्यापुढे आठवड्याची बेगमी म्हणजे आठवड्याचे नुकसान. २६ जुलै २००५ च्या पावसाने लोहमार्गही वाहून गेले होते. अशा दिवसांत घर चालते ते कोरड्या डब्यांवर.

सासू-सुनेने मिळून एका वहीत दोन याद्या केल्या. पहिली रात्र ओलांडू शकणाऱ्या जिनसांची, दुसरी त्याच दिवशी संपवायच्या पदार्थांची. पहिल्या यादीत अग्रभागी आला खाखरा. एक किलो कणकेत साधारण पन्नास खाखरे होतात. श्वेतांबर परंपरेत मिठाईसारख्या टिकाऊ पदार्थांचा काळ हिवाळ्यात ३०, उन्हाळ्यात २० आणि पावसाळ्यात १५ दिवस मानतात; त्या घरात खाखऱ्यालाही हाच हिशेब लावला जातो. पंधरा दिवसांत कामाचे दिवस अकरा. रोज चार याप्रमाणे चव्वेचाळीस खाखरे डब्यात जातात, उरलेले घरच्यांच्या न्याहरीला. म्हणजे एका किलोचा घाणा पावसाळ्यातही मुदतीत संपतो. अट एवढीच की खाखरा पूर्ण कुरकुरीत भाजलेला हवा. दाबून लवचीक लागला तर ती पोळीच. तिला रात्र ओलांडू द्यायची नाही.

पैशाचा हिशेबही वहीत आहे. संध्याकाळी बाहेरचे चालणारे काही घेतले तर साठ रुपये, बावीस दिवसांचे १,३२० रुपये. दोन घाणे खाखऱ्यांना कणीक, तूप, मसाला, गॅस धरून २४० रुपये. सोबत फुटाणे आणि फळ यांचे ४००. बचत महिन्याला ६८० रुपये, वर्षाला ८,१६०. रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण वर्षभराच्या डाळीचा मोठा भाग तीत येतो.

दुसरी जिन्नस मेथकूट. एक वाटी हरभराडाळ, अर्धी वाटी उडीदडाळ, पाव-पाव वाटी तांदूळ आणि गहू, चमचाभर मेथी, थोडे धणे-जिरे, हे सारे वेगवेगळे मंद आचेवर खमंग भाजायचे. दळताना सुंठ, हळद, हिंग घालायचा. ओले आले वर्ज्य असले तरी सुंठ चालते. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस आहे. ती पाळायची तर भाजलेले धान्य अख्खेच बरणीत ठेवावे आणि लागेल तेवढेच मिक्सरवर दळावे. मऊ भात, मेथकूट आणि तूप हे दहा मिनिटांचे जेवण होते. कच्च्या दह्याशी डाळीचा संयोग म्हणजे द्विदल. म्हणून येथे दही नको, तूपच.

तिसरी जिन्नस खिचडीची पूर्वतयारी. दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ, दोन्ही निवडून, कोरडीच परतून, जिरे-हळद घालून बरणीत. सकाळी धुऊन कुकरला लावली की वीस मिनिटांत डबा तयार. भाजलेला रवा तशाच प्रकारे ठेवता येतो. आंबट चवीसाठी मे महिन्यात कैरीच्या फोडी मीठ लावून कडकडीत उन्हात वाळवलेली आंबोशी पावसाळाभर आमटीला पुरते.

चौथी जिन्नस खास या मातीची. भातकापणी झाल्यावर शेतात उरलेल्या ओलाव्यावर रायगडात वाल पिकतो. मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे ही जिल्ह्याची शान; परंतु मोडाचे धान्य अनेक जैन घरांत वर्ज्य असते. म्हणून वालापासूनच दूर राहण्याचे कारण नाही. वालाची कोरडी डाळ सकाळी दोन तास भिजवून, हिंग-जिऱ्याची फोडणी, आमसूल, गूळ आणि सुके खोबरे घालून शिजवली की कडवटपणा गुळात मुरतो आणि भाताबरोबर दुसरे काही लागत नाही.

वालाची, तुरीची, तांदळाची खरेदी सुगीनंतर केली तर दर बरा मिळतो आणि माल ताजा असतो. पण साठवणुकीत एक जबाबदारी येते. धान्य फ्रीजरमध्ये ठेवून कीड मारण्याची युक्ती सांगितली जाते. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घरात ती कशी चालेल? तेथे कीड होऊच न देणे हाच मार्ग. धान्य उन्हात चांगले तापवून, पूर्ण निववून, डाळीला आणि गव्हाला एरंडेलाचा हात लावून, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. ओला चमचा बरणीत जाऊ नये. आणि घरात मावेल तेवढेच घ्यावे. स्वस्त मिळाले म्हणून चौपट घेतलेली डाळ भाद्रपदात सोंडे होऊन टाकावी लागली, तर पैसाही गेला आणि जीवहत्येचा दोषही लागला.

येथील एक विसंगती मात्र सहज सुटत नाही. पहिल्या सरी पडल्या की ठाकूर आणि कातकरी स्त्रिया डोंगरावरून टाकळा, कुर्डू, शेवळे, भारंगी घेऊन बाजारात बसतात. ज्या दिवसांत सह्याद्री इतक्या उदारपणे पिकतो, त्याच दिवसांत चातुर्मास येतो आणि पालेभाज्या ताटातून जातात. पानापानांवर सूक्ष्म जीव असतात, हे त्यामागचे कारण. मग भाजीचा प्रश्न उरतो. उन्हाळ्यात सुकवलेली गवार, कोहळ्याचे सांडगे आणि डाळींचे प्रकार तो बराचसा सोडवतात. तरी ते सुकवणे, राखणे, चाळणे हे सारे श्रम एप्रिल-मेच्या उन्हात कोणीतरी करत असते, आणि ते 'कोणीतरी' बहुधा घरातील स्त्रीच असते. काटकसरीच्या हिशेबात हे श्रम फुकट धरण्याची आपली सवय जुनी आहे.

कर्जतच्या त्या घरात यावर झालेला तोडगा साधा आहे. रविवारी सकाळी तासभर घरातील सर्वांनी हात लावायचा. मुलाने धान्य निवडायचे, सासऱ्यांनी बरण्यांवर तारीख लिहायची, सासूबाईंनी भाजायचे, सुनेने खाखरे लाटायचे आणि तिच्या नवऱ्याने ते शेकायचे. आता पहाटे सव्वापाचला उठले तरी दोन्ही डबे वेळेवर होतात. दुपारच्या डब्यात त्याच सकाळची पोळी-भाजी, संध्याकाळच्या डब्यात चार खाखरे, फुटाणे, एक केळे. घरी परतल्यावर ओट्यावर घासायला भांडी नसतात, तापवायला काही नसते. ती मुलाच्या अभ्यासाला बसते.

नवा मोठा फ्रीजर घेतला गेला नाही. त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत आहे.