एका बोटाचं काम

मी आठवीत होतो, तेव्हाची, म्हणजे १९९३ सालची गोष्ट. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरीत कारखाने वाढत गेले. त्यांना सुटे भाग करून देणाऱ्या लहान लहान शेडही निघाल्या. सांगवीत आमच्या घरामागे बाबांची अशीच एक पत्र्याची शेड होती. तिच्यात एक जुनं मिलिंग मशीन होतं. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट शहरात १९३८ साली निघालेल्या मशीनच्या धर्तीचं.

या मशीनच्या हेडमध्ये 'क्विल' नावाची पोलादी नळी असते. पिचकारीत दट्ट्या सरकतो ना, तशी ती वर-खाली सरकते. तिच्या पोटात कटर फिरवणारा स्पिंडल असतो. हँडल ओढलं की क्विल अलगद खाली यायला हवी.

एके दिवशी ती हलेचना! बाबांनी दोन्ही हातांनी जोर लावला. दुसऱ्या दिवशी भोसरीला माल पोचवायचा होता. क्विलचं लॉक पाहिलं, तर ते सैलच होतं. मग वीज बंद करून बाबांनी क्विल उतरवली. अंगभर घट्ट ग्रीस आणि त्यात लोखंडाचा बारीक कीस!

"अरे, इथली फट केसाहून बारीक! पातळ तेलच घालायचं असतं. ग्रीसनं जाम होणार नाही तर काय?" बाबा कामावरच्या दादावर कडाडले. "उद्यापासून येऊ नकोस!"

"मालक, मी तेलच घालतो हो," दादा पुटपुटला आणि जेवणाचा डबा उचलून निघाला.

माझ्या घशाला कोरड पडली. ग्रीस घातल्यावर सायकलचं चाक कसं गरगर फिरतं, हे पाहून मीच सुट्टीच्या दिवशी तेलाच्या भोकात ग्रीस भरलं होतं. दादा दारापाशी पोचला तेव्हा कुठे मला कंठ फुटला, "बाबा, ते मी केलं."

वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण बाबांनी दादाच्या हातातला डबा घेतला, परत खुंटीला टांगला आणि म्हणाले, "चुकलं माझं. आधी विचारायला हवं होतं."

मग माझ्या हाती रॉकेल आणि चिंध्या आल्या. संध्याकाळपर्यंत मी पुसत बसलो. पातळ तेलाचा हात देऊन बाबांनी क्विल बसवली. दादा मला म्हणाला, "ओढ बघू." एका बोटानं क्विल खाली आली!

मित्रांनो, हँडलला एक बोट पुरलं. त्या चार शब्दांना मात्र सगळा जोर लागला होता.